चाळीस रेपो आणि निघालेला भागीदार

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी संदर्भ लागेल. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये तुमची लहानशी कंपनी आहे. पहिल्या दिवसापासून सगळा कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) एका भागीदाराच्या वैयक्तिक खात्यात राहिला आणि आज तिथे चाळीसेक प्रायव्हेट रेपो, म्हणजे इतिहासासकट एकेका प्रकल्पाच्या कोडची कोठारं, झालेत. ते भाऊ महिनाअखेरीस कंपनी सोडताहेत. भांडण नाही, पण जाताहेत. तुम्ही कंपनीच्या नावाने ऑर्गनायझेशन (सामायिक खातं) उघडलं, एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने गिटहबशी बोलायच्या सोयीने, रेपो तिकडे हलवणारी स्क्रिप्ट लिहिली आणि भाऊंचं टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) घेऊन एका रेपोवर चालवून पाहिली. उत्तर आलं 202, पण त्यात मालक म्हणून जुनंच नाव दिसलं. तुम्ही तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली, मग धास्तावून थांबलात. आता विचारताय की स्क्रिप्ट कुठे चुकली, हे काम टूलवर सोडावं की हाताने करावं, आणि गिटलॅबवर (तशाच दुसऱ्या वेबसाइटवर) पडलेल्या दोन प्रोजेक्टचं काय.

स्क्रिप्ट चुकलेली नाही. चाळीस रेपोंच्या सेटिंग्ज उघडून, दर वेळी रेपोचं नाव टाइप करून ट्रान्सफरचं बटण दाबत बसण्यातही अर्थ नाही. टूलच, म्हणजे तुमची स्क्रिप्टच, वापरा. फक्त टूलचा भर भलत्या जागी आहे. मालक बदलायची रिक्वेस्ट हा या सगळ्यातला सर्वांत लहान तुकडा: पोस्ट पद्धतीची रिक्वेस्ट, पत्त्यात जुना मालक, रेपोचं नाव आणि शेवटी ट्रान्सफर, आत नव्या मालकाचं एक फील्ड, वाटलं तर नवं नाव आणि टीमचे आयडी. बस. टूलने घाम गाळायचा तो त्याच्या आधी, जुन्या पत्त्यावर कोण कोण विसंबून आहे ते शोधण्यात. आणि त्याच्या नंतर, रेपो खरंच पोचला का आणि मागे काय तुटलं ते बघण्यात.

आधी तुमच्या 202 कडे येतो. 202 चा अर्थ काम झालं असा नाही, अर्ज घेतला एवढाच. तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज दिला म्हणून त्याच दिवशी सातबाऱ्यावर नाव चढत नाही, तसंच हे. गिटहब ट्रान्सफर मागच्या मागे चालू ठेवतं आणि त्या क्षणी जी स्थिती होती ती उत्तरात देतं, म्हणून जुना मालक दिसतो. ही चूक नाही, ठरलेलं वागणं आहे. साधा रेपो बहुधा लगेच हलतो. गिट एलएफएसमध्ये मोठ्या फाइल असतील तर त्या सावकाश, मागाहून जातात.

तपासणी करताना बरेच जण एका गोष्टीला फसतात. जुन्या पत्त्यावर रेपोची माहिती मागितली की ट्रान्सफर झाल्यावरसुद्धा उत्तर 200, म्हणजे 'सापडलं', येतं. कारण बहुतेक लायब्रऱ्या रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं) गुपचूप पाळतात. स्क्रिप्टला वाटतं रेपो अजून जुन्याच जागी आहे, आणि ती पुन्हा ट्रान्सफर मारते. रीडायरेक्ट न पाळता कमांड लाइनवरच्या साध्या कर्लने तोच पत्ता मागून बघा: 301 येईल, 'मूव्ह्ड परमनंटली' असा मजकूर असेल आणि सोबत जो नवा पत्ता दिलेला असेल त्यात मालकाचं किंवा रेपोचं नावच नसेल, नुसता एक आकडा असेल. तो आकडा म्हणजे रेपोचा आयडी. मालक बदलला, नाव बदललं, तरी हा आयडी बदलत नाही. म्हणून सुरुवातीलाच सगळ्या रेपोंचे आयडी एका सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) लिहून ठेवा. रिक्वेस्ट पाठवल्यावर नव्या मालकाच्या पत्त्यावर माहिती मागा आणि दोन गोष्टी जुळतात का बघा: पूर्ण नावात नवा मालक आहे का, आणि आयडी तोच आहे का. दोन्ही जुळलं की त्या ओळीपुढे 'झालं' लिहा. उत्तर 404, म्हणजे 'सापडलं नाही', आलं तर थोडं थांबून पुन्हा विचारा. ट्रान्सफरची रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची नाही, फक्त चौकशी पुन्हा करायची. हा फरक कोडमध्ये ठळक असू द्या. नेटवर्कची चूक आली की सगळ्याच रिक्वेस्ट आपोआप परत पाठवणाऱ्या लायब्रऱ्या इथे त्रास देतात.

टोकन भाऊंचंच लागेल, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. वैयक्तिक खात्यातल्या रेपोवर तुम्ही कोलॅबोरेटर असलात तरी ॲडमिन नसता. तिथे ॲडमिन एकच, खात्याचा मालक. तुमचं टोकन वापरलं तर रेपो तुम्हाला दिसतो, त्यात पुश होतो (कोड चढवता येतो), पण ट्रान्सफर होत नाही. जो रेपो टोकनला दिसतच नाही त्यासाठी गिटहब 403 ('परवानगी नाही') न देता 404 देतं. त्यामुळे 404 आलं की आधी टोकनवर संशय घ्यायचा, रेपोच्या नावावर नंतर. दुसरी बाजू म्हणजे भाऊंना नव्या ऑर्गनायझेशनमध्ये रेपो तयार करायची परवानगी हवी. तेवढ्यापुरतं त्यांना तिथे सदस्य करा आणि सदस्यांना रेपो बनवायची मुभा असलेली सेटिंग तपासा. टोकन क्लासिक प्रकारचं, रेपो स्कोपचं (रेपोंवर पूर्ण परवानगीचं) घ्या. नवीन बारीक परवानग्यांचं टोकन एकाच मालकाला बांधलेलं असतं आणि इथे मालक दोन आहेत, विनाकारण गुंता होतो. टोकनची मुदत 7 दिवस ठेवा. आणि एक कळकळीची विनंती: ते टोकन व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगू नका. भाऊंना शेजारी बसवा, त्यांच्याच लॅपटॉपवर स्क्रिप्ट चालवा, संध्याकाळी त्यांच्याच हाताने टोकन रद्द करवून घ्या. चाळीस प्रायव्हेट रेपोंची किल्ली चॅटमध्ये कायमची पडून राहण्यापेक्षा एक दिवस सोबत बसणं केव्हाही परवडतं.

तुमचं बरं आहे की रेपो ऑर्गनायझेशनकडे जाताहेत. ते दुसऱ्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात जात असते तर गिटहब त्याला ईमेल पाठवतं आणि त्याने एका दिवसाच्या आत होकार द्यावा लागतो, नाहीतर विनंती रद्द. तो होकार टूल देऊ शकत नाही. काही कंपन्या आधी एका भागीदाराकडून दुसऱ्याकडे आणि मग केव्हातरी ऑर्गनायझेशनकडे असा दोन टप्प्यांचा प्रवास करतात. त्याने फायदा काहीच होत नाही, फक्त दोनदा पत्ते बदलावे लागतात.

कुणीतरी तुम्हाला सुचवेल की ट्रान्सफरच्या भानगडीत पडूच नका, मिरर क्लोन (कोडची तंतोतंत नक्कल) करा आणि नव्या रिकाम्या रेपोत मिरर पुश करा. तसं केलं तर कमिट (बदलांच्या नोंदी), ब्रँच, टॅग येतील. इश्यू (कामाच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंत्या), त्यांवरच्या चर्चा, विकी, सीक्रेट (लपवून ठेवलेले पासवर्ड), वेबहुक (काही घडलं की बाहेरच्या सेवेला जाणारे निरोप) यातलं काही येणार नाही. वर तो पुश चालू असताना लाल अक्षरांत तक्रारींची रांग लागेल, कारण मिरर क्लोन पुल रिक्वेस्टचे लपवलेले रेफही (कमिटकडे बोट दाखवणारी नावं) सोबत उचलतो आणि गिटहब ते परत घ्यायला नकार देतं. हा मार्ग एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर जायचं असेल तेव्हाचा. गिटहबवरून गिटहबवरच जायचं तर ट्रान्सफरच. वैयक्तिक खातंच ऑर्गनायझेशनमध्ये बदलून टाकायची सोयही गिटहबवर आहे, पण मग त्या खात्याने लॉगिन करता येत नाही. भाऊंना त्यांची ओळख पुढच्या नोकरीत लागणार, तेव्हा तो विचार सोडा.

आता यादी. इथे वेळ घालवा, दोन दिवस गेले तरी चालतील. गिटहब सोबत नेतं ते बरंच आहे: इश्यू, पुल रिक्वेस्ट, विकी, रिलीज, स्टार, रेपोवरचे वेबहुक, रेपोचे सीक्रेट, डिप्लॉय की (सर्व्हरला त्या एका रेपोपुरती दिलेली किल्ली). भाऊंच्या खात्यात ऑर्गनायझेशन पातळीचं काही नव्हतंच, त्यामुळे तिकडून राहून जाण्यासारखं कमी आहे. इश्यू ज्यांच्या नावावर आहेत ते लोक नव्या ऑर्गनायझेशनचे सदस्य नसतील तर ती नावं पुसली जातात, म्हणून ट्रान्सफरच्या आधी सगळ्या डेव्हलपरना सदस्य करून घ्या. आमंत्रण पाठवलं एवढ्यावर समाधान मानू नका. त्यांनी ते स्वीकारलेलं हवं.

खरी गोची तुमच्या प्लॅनची. भाऊंचं खातं प्रो आहे असं तुम्ही लिहिलंय आणि नवं ऑर्गनायझेशन अजून फुकटच्या प्लॅनवर आहे. प्रायव्हेट रेपोवर ब्रँच प्रोटेक्शन (मुख्य ब्रँचमध्ये थेट बदल अडवणारे नियम) फुकटच्या प्लॅनमध्ये मिळत नाही. ट्रान्सफर होताच मेन ब्रँचचं संरक्षण जाईल, आणि कुणाला काही सूचना येणार नाही. सगळं नीट झालं या आनंदात कुणीतरी थेट मेनवर फोर्स पुश करेल (आधीचा इतिहास पुसून आपला कोड बसवेल) तेव्हा कळेल. प्रायव्हेट रेपोंसाठी ॲक्शन्सची (बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवायच्या गिटहबच्या सोयीची) महिन्याची मिनिटंही प्रोवर 3,000 आणि फुकटच्या ऑर्गनायझेशनवर 2,000. चाळीस रेपोंची सीआय (अशी आपोआप तपासणी) असेल तर महिन्याच्या विसाव्या दिवशी बिल्ड अडकतील. म्हणून पहिला रेपो हलवायच्या आधी टीम प्लॅन घ्या, मागाहून नाही. आणि टूलला प्रत्येक रेपोचे ब्रँच प्रोटेक्शनचे नियम आधी जेसन फाइलमध्ये उतरवून घ्यायला सांगा. नंतर तेच पुन्हा वाचून जुळवून बघता येतं.

यादीतली दुसरी मोठी गोष्ट एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची. तुमची डिप्लॉयमेंट मुंबई रीजनला जाते आणि कायमची ॲक्सेस की न ठेवता ओआयडीसी (गिटहबने दर वेळी द्यायचं तात्पुरतं ओळखपत्र) वापरता, हे उत्तम. पण तिथल्या रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (कुणाला आत घ्यायचं त्या नियमांत) 'सब' नावाची अट असते, आणि तिच्यात रेपोचं पूर्ण नाव लिहिलेलं असतं, मालकासकट. ट्रान्सफर झाला की गिटहब नव्या मालकाच्या नावाचं टोकन देतं, एडब्ल्यूएस जुनं नाव शोधतं आणि डिप्लॉय 'नॉट ऑथोराइज्ड टू परफॉर्म' म्हणत पडतो. इथे गिटहबचा रीडायरेक्ट काही कामाचा नाही; ही तुलना एडब्ल्यूएसकडे होते, अक्षरन् अक्षर. उपाय सोपा आहे, फक्त आधी करायचा. त्या अटीत एका नावाऐवजी नावांची यादी देता येते. ट्रान्सफरच्या आदल्या दिवशी जुन्या नावाशेजारी नवं नाव टाका. सगळं हललं की जुनं काढा. हे 'जुनं काढा' विसरू नका. नाहीतर पुढे त्या जुन्या खात्यात त्याच नावाचा रेपो ज्याच्या हाती असेल त्याला तुमच्या एडब्ल्यूएसमध्ये शिरायची वाट राहते. भाऊंवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. त्यांचं खातं उद्या हॅक होऊ शकतं, एवढंच.

बाकीचं भराभर सांगतो. कंटेनर इमेज (चालवायला तयार बांधलेली ॲप) गिटहबच्या रजिस्ट्रीत ठेवत असाल तर त्या भाऊंच्या खात्यातच राहतील, रेपोबरोबर येणार नाहीत. नव्या ऑर्गनायझेशनखाली पुन्हा बिल्ड करून पुश करा आणि सर्व्हरवरच्या कंपोज फाइलमधली नावं बदला. गिटहब पेजेसचा पत्ता रीडायरेक्ट होत नाही. स्वतःचं डोमेन लावलेलं असेल तर डीएनएसमधला सीनेम (डोमेन कुठे वळतं ती नोंद) बदलायचा. गिटहब ॲप म्हणून जोडलेल्या सेवा, म्हणजे होस्टिंगवाले, कोड तपासणारे, स्लॅकला निरोप देणारे, या ऑर्गनायझेशनमध्ये नव्याने इन्स्टॉल कराव्या लागतात, कारण त्यांना परवानगी खात्यागणिक दिलेली असते. सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो), गो मॉड्यूलचे पाथ, आणि एका रेपोतल्या वर्कफ्लोने (ॲक्शन्सच्या फाइलने) दुसऱ्या रेपोतली ॲक्शन वापरणं, हे तिन्ही कोडमध्येच जुनं नाव धरून असतात. त्यासाठी टूलने सगळे रेपो क्लोन करून जुन्या मालकाचं नाव ग्रेप करायचं, म्हणजे सगळ्या फाइलींत शोधायचं. वर्कफ्लोच्या बाबतीत रीडायरेक्टवर मुळीच विसंबू नका. ऑफिसमध्ये स्वतःचा रनर (ॲक्शन्सची कामं चालवणारं मशीन) ठेवला असेल तर ट्रान्सफरनंतर तो ऑनलाइन दिसतो का ते डोळ्यांनी बघा.

आणि सर्व्हर. डिजिटल ओशनच्या, एडब्ल्यूएसच्या, ग्राहकाच्या ऑफिसातल्या त्या एका जुन्या मशीनच्या आत कुठेतरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) गिट पुल चालू असतं. ते कुणाच्याच यादीत नसतं. डिप्लॉय की रेपोला चिकटून येते आणि रीडायरेक्ट असतो, त्यामुळे ते चालत राहतं, आणि म्हणूनच कुणी ते बदलत नाही.

रीडायरेक्टबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे. जुन्या पत्त्यावर क्लोन, फेच, पुश, वेबवरच्या लिंक, सगळं नव्या ठिकाणी आपोआप वळतं. याला मुदत सांगितलेली नाही. पण हा रीडायरेक्ट एका गोष्टीने मरतो आणि मेला की परत येत नाही: जुन्या खात्यात त्याच नावाचा नवा रेपो तयार होणं. चुकून झाला असेल, रिकामा असेल, दोन मिनिटांत डिलीट केला असेल, तरी.

आणि हे माणसापेक्षा ऑटोमेशन जास्त वेळा करतं. त्रिमूर्तीनगरमधल्या एका टीमचं मी जवळून पाहिलं. त्यांच्याकडे रोज रात्री चालणारी एक बॅकअपची स्क्रिप्ट होती, कुणीतरी फार पूर्वी लिहिलेली. तिच्यात सोयीसाठी एक ओळ होती: ठरलेल्या नावाचा रेपो खात्याच्या यादीत दिसला नाही तर तयार कर. रेपो ट्रान्सफर झाले, रात्री स्क्रिप्ट चालली, तिला खात्याच्या यादीत रेपो दिसले नाहीत आणि तिने इमानदारीने त्याच नावांचे रिकामे रेपो बनवून ठेवले. सकाळी बाकीच्या डेव्हलपरना 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' येऊ लागलं, कारण नवे रेपो प्रायव्हेट होते आणि त्यांना त्यात परवानगी नव्हती. त्यांनी इंटरनेटला, व्हीपीएनला, एसएसएच कीला दोष दिला. जुन्या खात्याचे मालक मात्र आपल्या मशीनवरून नेहमीसारखं काम करत होते. त्यांनी ब्रँच पुश केली, पुश यशस्वी झाला, काही तक्रार नाही. तो कोड गेला त्या रिकाम्या रेपोत. सीआय चाललं नाही, रिव्ह्यू कुणाला दिसला नाही, आणि ते बिचारे जेवणानंतर विचारताहेत की माझी पुल रिक्वेस्ट कुणी बघत का नाही. कोड हरवला नाही, पण रीडायरेक्ट कायमचे गेले. मग जो जो पत्ता बदलायचा राहिला होता तो एकेक करून, ग्राहकांचे फोन येतील तसा सापडत गेला.

म्हणून ट्रान्सफरच्या आधी एक काम: भाऊंच्या खात्याच्या टोकनवर चालणारं, रेपो तयार करू शकणारं जे काही असेल ते बंद करा. टेराफॉर्म (सगळी मांडणी फाइलींत लिहून त्याप्रमाणे घडवणारं टूल) वापरत असाल तर विशेष काळजी. टेराफॉर्मच्या स्टेटमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, रेपो जुन्या मालकाखाली लिहिलेला असतो. तुम्ही बाहेरून स्क्रिप्टने तो हलवला आणि कुणी सवयीने अप्लाय मारला, तर नोंद आणि वस्तुस्थिती जुळत नाही. तेव्हा टेराफॉर्म काय ठरवेल ते नशिबावर सोडू नये. आधी रेपो स्टेटमधून काढा (काढणं म्हणजे विसरणं, डिलीट करणं नव्हे), मग ट्रान्सफर करा, मग नव्या मालकाच्या प्रोव्हायडरखाली इम्पोर्ट करा आणि प्लॅन बघा. प्लॅनमध्ये 'तयार करणार' किंवा 'नष्ट करणार' असं काहीही दिसलं तर हात थांबवा. रेपोच्या प्रत्येक रिसोर्सवर नष्ट होण्यापासून अटकाव करणारी लाइफसायकलची ओळ आणि नष्ट करायची वेळ आलीच तर नुसतं आर्काइव्ह कर असं सांगणारी सेटिंग, या दोन्ही लावून ठेवा. फुकट आहेत.

टूलचा आकार माझ्या डोळ्यापुढे असा आहे. एक सीएसव्ही, ओळीगणिक एक रेपो: आयडी, जुनं पूर्ण नाव, नवं पूर्ण नाव, कोणत्या टीमला द्यायचा, स्थिती. तीन वेगळ्या स्क्रिप्ट: पहिली नुसती यादी करते आणि काहीही बदलत नाही, दुसरी हलवते, तिसरी तपासते. एकाच स्क्रिप्टमध्ये तिन्ही कोंबू नका, मधेच बंद पडली तर कुठे होतो ते कळत नाही. दुसरी स्क्रिप्ट मुळात कोरड्या सरावाच्या मोडमध्ये चालावी आणि खरंच हलवायचं असेल तेव्हाच वेगळा फ्लॅग द्यावा लागावा. पायथन लिहा, बॅश लिहा, की गिटहबच्या कमांड लाइनवरून थेट एपीआय कॉल करा, चाळीस रेपोंना काही फरक पडत नाही. लॉगिन केलेल्या माणसाला तासाला 5,000 रिक्वेस्टची मर्यादा असते, तिथे तुम्ही पोचणार नाही. पण बदल करणाऱ्या रिक्वेस्ट एकामागोमाग आदळल्या तर दुसऱ्या प्रकारची मर्यादा लागते, म्हणून दोन ट्रान्सफरमध्ये निदान एक सेकंद थांबा. मी तर म्हणेन, एक रेपो हलला, तपासला, मगच पुढचा.

टीमचे आयडी देताना टीमचं नाव चालत नाही, आकडा लागतो. तो ऑर्गनायझेशनच्या टीमच्या यादीतून आधी काढून ठेवा. टीम दिली नाही तर रेपो पोचतो, पण ऑर्गनायझेशनच्या मालकांशिवाय कुणाला तो मिळेल आणि कुणाला नाही हे सदस्यांना सरसकट दिलेल्या मूळ परवानगीवर राहतं. मग सकाळी सगळे तुमच्या खुर्चीभोवती. त्याच कॉलमध्ये रेपोचं नाव बदलायची सोय आहे, ती वापरू नका. 'टेस्ट टू फायनल' असली नावं सुधारायचा मोह होईल, कळतं. पण काही तुटलं तर ते मालक बदलल्याने तुटलं की नाव बदलल्याने, हे शोधत बसावं लागतं. नाव पुढच्या महिन्यात बदला.

ट्रान्सफरला 422 आलं, म्हणजे विनंती नाकारली, तर दोन शक्यता आधी तपासा: नव्या ऑर्गनायझेशनमध्ये त्याच नावाचा रेपो आधीच आहे, किंवा त्याच रेपोचा फोर्क (वेगळी काढलेली नक्कल) तिथे आहे. दुसरी शक्यता तुमच्याकडे दाट दिसते, कारण ऑर्गनायझेशन उघडल्यावर कुणीतरी हौसेने दोन-चार रेपो फोर्क करून ठेवले असं तुम्हीच लिहिलंय. ते फोर्क उघडून बघा, त्यांच्यात वेगळे कमिट असतील तर मूळ रेपोत आणा, मग फोर्क काढा.

क्रम असा लावा: आधी ज्याला कुणी हात लावत नाही असा एक रेपो, मग सीआय आणि डिप्लॉय असलेला पण ग्राहकाला न दिसणारा एक, मग एक दिवस नुसतं बघत राहायचं. बाकीचे त्यानंतर. सगळ्यात शेवटी बिलिंग वगैरेंचे महत्त्वाचे रेपो. शुक्रवारी संध्याकाळी नको, आणि मे महिन्यातल्या दुपारी तर नकोच. लाइट गेली आणि ऑफिसचा यूपीएस बसला की अर्धवट स्क्रिप्टचा हिशोब लावत बसाल. सकाळी दहाला, पोहे खाऊन, भाऊ शेजारी असताना सुरू करा.

झाल्यावर प्रत्येकाने आपल्या मशीनवर रिमोटचा, म्हणजे क्लोन ज्या रेपोला जोडलेला आहे त्याचा, पत्ता बदलायचा. रीडायरेक्ट आहे म्हणून कुणी बदलणार नाही, म्हणून एक दोन ओळींची स्क्रिप्ट त्यांना पाठवा जी एका फोल्डरखालच्या सगळ्या क्लोनमध्ये जुन्या मालकाचं नाव शोधून बदलते. सर्व्हरवरही तीच चालवा. भाऊंना सांगा की जुनं खातं डिलीट करू नका आणि त्याचं यूजरनेमही बदलू नका. सोडलेलं यूजरनेम दुसरं कुणी घेऊ शकतं, आणि मग त्याच नावाचा रेपो बनवणं त्याच्या हातात असतं. ते नोकरीनिमित्त खातं वापरत राहणारच आहेत, तेव्हा यात त्यांना अडचण नसावी. ट्रान्सफरनंतर रेपोगणिक कोणाला कोणती परवानगी उरली ते तिसऱ्या स्क्रिप्टने काढा आणि ठरलेल्या दिवशी भाऊंचं नाव कमी करा. ऑर्गनायझेशनच्या ऑडिट लॉगमध्ये ट्रान्सफरची नोंद येते; तीही उतरवून ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गिटहबवर मालक बदलला म्हणजे कोडचा कायदेशीर मालक बदलला असं नाही. कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम 17 प्रमाणे कंपनी. पण भागीदार हा पगारी कर्मचारी नव्हे, आणि त्यांनी कंपनी नोंदवण्यापूर्वीही काही लिहिलं असेल. हक्क देणं कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीनिशी लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरली जाते आणि क्षेत्र लिहिलं नाही तर भारतापुरतं. तेव्हा वकिलाकडून दोन पानांचा कागद करून घ्या, त्याला तुमची सीएसव्ही जोडा, आयडींसकट. गोडीगुलाबी आहे तोवर सही सहज मिळते.

राहिले गिटलॅबवरचे दोन प्रोजेक्ट. तिथेही ट्रान्सफरचा एपीआय आहे, पुट पद्धतीचा; प्रोजेक्टचा आयडी आणि नव्या ग्रुपचं नेमस्पेस (त्याचं पत्त्यातलं नाव) द्यायचं. मूळ प्रोजेक्टवर ओनर आणि नव्या ग्रुपमध्ये निदान मेंटेनर असावं लागतं. प्रोजेक्टच्या कंटेनर रजिस्ट्रीत इमेज पडलेल्या असतील तर ते बहुधा अडेल, म्हणून त्या आधी दुसरीकडे हलवून रजिस्ट्री रिकामी करा. जुन्या ग्रुपच्या पातळीवर ठेवलेली सीआयची व्हेरिएबल सोबत येत नाहीत, ती नव्या ग्रुपमध्ये हाताने भरावी लागतील. दोनच प्रोजेक्ट आहेत, त्यांच्यासाठी टूल लिहू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन करा, चहा थंड व्हायच्या आत होईल.